रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल सुधारण्यासाठी साखर कशी कमी करावी

तपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की बहुतेक जण सर्वप्रथम लोणी, तळलेले पदार्थ आणि अंड्याचा बलक यांवर बंदी घालतात. साखरेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण साखरेत मेदही नसतो आणि कोलेस्टेरॉलही नसते. तेल-लोणी जवळजवळ बंद केलेली, पण फळांचा डबाबंद रस, गोड केलेले दही आणि दिवसातून चार-पाच कप गोड पेय तसेच चालू ठेवलेली माणसे म्हणूनच तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात आणि ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातील चरबीच्या एका मुख्य प्रकाराचा, आकडा होता तिथेच पाहून निराश होतात. या लेखाचा विषय हा दुर्लक्षित राहिलेला भाग आहे: साखरेचा परिणाम अहवालातील नेमक्या कोणत्या ओळीवर होतो, तो कसा ओळखायचा, आणि साखर कोणत्या क्रमाने कमी केली असता फरक दिसतो.

साखरेपासून रक्तात चरबी कशी तयार होते

आपण जिला साखर म्हणतो तिचा प्रत्येक रेणू ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक रेणू जोडून बनलेला असतो. पचनात हे दोन्ही वेगळे होतात आणि तिथून त्यांच्या वाटाही वेगळ्या होतात. ग्लुकोज शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी इंधन म्हणून वापरू शकते. फ्रुक्टोजचा थोडा भाग लहान आतड्यातच रूपांतरित होतो. मात्र एकाच वेळी बरेचसे फ्रुक्टोज पोटात गेले तर त्याचा मोठा वाटा थेट यकृतात पोहोचतो आणि त्याची विल्हेवाट यकृतालाच लावावी लागते.

पेशीत ऊर्जा पुरेशी असेल तर ग्लुकोजच्या विघटनातील एक महत्त्वाचा टप्पा आपोआप मंदावतो. फ्रुक्टोज या टप्प्याला वळसा घालून पुढे जाते, त्यामुळे यकृताला गरज असो वा नसो, त्याचे विघटन चालूच राहते. त्यातून तयार झालेल्या कच्च्या मालापासून यकृत नवीन मेदाम्ले बनवते, त्यांची ट्रायग्लिसराइड बांधते आणि ती व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडते. जी चरबी बाहेर जात नाही ती यकृतातच साठते, आणि फॅटी लिव्हर ज्याला म्हणतात त्या अवस्थेकडे वाटचाल सुरू होते. साखरेतील ग्लुकोजही या प्रक्रियेला हातभार लावते, कारण त्यामुळे वाढणारे इन्सुलिन यकृताला मेद बनवण्याचाच संकेत देत असते.

पुढची साखळी कोलेस्टेरॉलपर्यंत पोहोचते. रक्तात व्हीएलडीएलचे कण जास्त झाले की ते आपली ट्रायग्लिसराइड एचडीएल आणि एलडीएल या कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांना देतात आणि त्यांच्याकडून कोलेस्टेरॉल घेतात. ट्रायग्लिसराइडने भरलेले एचडीएल लवकर निकामी होऊन रक्तातून काढले जाते, म्हणून चांगले कोलेस्टेरॉल म्हणून ओळखला जाणारा हा आकडा खाली येतो. वाईट कोलेस्टेरॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एलडीएलचे कणही याच देवाणघेवाणीतून लहान आणि घट्ट होत जातात. त्यामुळे एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा तेवढाच राहिला तरी तेवढे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांची संख्या वाढलेली असू शकते, आणि रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने कणांची संख्या फार महत्त्वाची असते.

हे माणसांवरील प्रयोगांतही दिसून आले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील किंबर स्टॅनहोप, पीटर हॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या प्रौढांच्या एका गटाला १० आठवडे ग्लुकोजने गोड केलेली, तर दुसऱ्या गटाला फ्रुक्टोजने गोड केलेली पेये देण्यात आली. दोन्ही गटांत दैनंदिन ऊर्जेचा २५ टक्के भाग या पेयांतून येत होता. वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले, परंतु पोटातील अवयवांभोवतीची चरबी, यकृतातील मेदनिर्मिती आणि लहान घट्ट एलडीएल यांत फ्रुक्टोजच्या गटात ठळक वाढ झाली. याच अभ्यासातील एक गोष्ट प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावी असे मला वाटते: फ्रुक्टोजच्या गटात जेवणानंतरची ट्रायग्लिसराइड वाढली होती, उपाशीपोटीची वाढली नव्हती. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ट्रायग्लिसराइड ठीक आली म्हणून साखरेचा प्रश्नच नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

पहिली पायरी: अहवालातील योग्य ओळ वाचणे

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीच्या, अहवालात सहसा एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल आणि व्हीएलडीएल असे आकडे असतात. साखरेची खूण सर्वांत आधी ट्रायग्लिसराइडच्या ओळीत शोधावी, त्यानंतर एचडीएलच्या, आणि सर्वांत शेवटी एलडीएलच्या. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे सामान्य मानले जाते. १५० ते १९९ काठावरचे, २०० ते ४९९ वाढलेले, आणि ५०० किंवा त्याहून अधिक अतिशय वाढलेले. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी असेल तर ते कमी समजतात. अहवाल मिलिमोलमध्ये असेल तर ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला ८८.६ ने आणि कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने गुणल्यास मिलिग्रॅममधील आकडा मिळतो.

ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली आणि कंबरेचा घेर वाढलेला, असे चित्र दिसत असेल तर साखर आणि मैद्यासारखे परिष्कृत पिष्टमय पदार्थ यांची चौकशी आधी करावी. याउलट ट्रायग्लिसराइड १०० च्या आसपास, एचडीएल उत्तम आणि एलडीएल मात्र १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर केवळ साखर सोडून तो आकडा खाली येईल अशी आशा धरू नये. इतके वाढलेले एलडीएल अनेकदा आनुवंशिक असते आणि त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध लागते. या दोन चित्रांतला फरक न ओळखल्यामुळे एकाने साखर सोडायची ती दुसरा सोडतो आणि ज्याला औषधाची गरज असते तो पथ्यावर वर्षे काढतो.

अहवालात छापलेली नसली तरी स्वतः काढता येण्याजोगी एक संख्या आहे, ती म्हणजे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की ती मिळते, आणि रक्तवाहिन्यांना घातक ठरणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल तिच्यात मोजले जाते. एलडीएलचे जे उद्दिष्ट डॉक्टरांनी दिले असेल त्यात ३० मिळवले की नॉन-एचडीएलचे उद्दिष्ट मिळते. साखरेच्या बाबतीत ही संख्या एलडीएलपेक्षा अधिक विश्वासाने वापरता येते. त्याचे कारण लेखाच्या शेवटी एका उदाहरणातून स्पष्ट होईल.

दुसरी पायरी: आपल्या पोटात साखर किती जाते ते मोजणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार मुक्त साखर दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांच्या आत आणावी. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी हे प्रमाण अनुक्रमे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होते. सपाट भरलेल्या एका लहान चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे २५ ग्रॅमची मर्यादा सहा चमच्यांच्या आसपास येते. मुक्त साखरेत पदार्थात वरून घातलेली सर्व साखर तर येतेच, शिवाय मध, सर्व प्रकारचे सिरप आणि फळांचा रसही येतो, मग तो घरी काढलेला का असेना. अख्ख्या फळातील आणि साध्या दुधातील नैसर्गिक साखर यात धरली जात नाही.

एक आठवडाभर दररोज तोंडात जाणारी प्रत्येक गोड वस्तू त्याच दिवशी लिहून काढावी. रात्री आठवून लिहिण्यात पेये आणि येता-जाता खाल्लेले बिस्किट हमखास सुटते, म्हणून लगेच लिहिलेले बरे. आठवड्यातील निदान एक सुट्टीचा दिवस त्यात असावा. मोजमापाचा अंदाज येण्यासाठी काही आकडे उपयोगी पडतील: ३३० मिलिलिटर कोलामध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते; २५० मिलिलिटर संत्र्याच्या रसात २० ते २५ ग्रॅम; एक मोठा चमचा मधात सुमारे १७ ग्रॅम; एक मोठा चमचा टोमॅटो केचपमध्ये जवळजवळ ४ ग्रॅम. एका कपात दोन चमचे या हिशेबाने चार कप चहा किंवा कॉफी घेणाऱ्याच्या पोटात त्यातूनच ३२ ग्रॅम साखर जाते. अशा व्यक्तीने मिठाईला वर्षभर हात लावला नाही तरी तिने २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडलेलीच असते.

या नोंदीचा खरा उपयोग एकूण बेरजेपेक्षा मोठे स्रोत शोधण्यासाठी आहे. बहुतेकांच्या यादीत दोन-तीन गोष्टींतूनच निम्म्याहून अधिक साखर येत असल्याचे दिसते, आणि काम तिथूनच सुरू करावे.

तिसरी पायरी: आधी पेये, मग बाकीचे

एकच गोष्ट करण्याची तयारी असेल तर गोड पेये बंद करावीत, असे मी ठामपणे म्हणेन. पेयातील साखरेबरोबर तंतुमय पदार्थ नसतात, ती चावावी लागत नाही, काही मिनिटांत पोटात उतरते आणि यकृताकडे एकदम पोहोचते. शिवाय पेयातून गेलेल्या कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे पुढच्या जेवणात तेवढे कमी खाल्ले जात नाही. डेन्मार्कमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या लोकांना सहा महिने दररोज एक लिटर साखरयुक्त कोला, दूध, साखरविरहित कोला किंवा पाणी यांपैकी एक देण्यात आले. साखरयुक्त कोला पिणाऱ्यांच्या यकृतातील चरबी, पोटातील चरबी आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड इतर गटांच्या तुलनेत लक्षणीय वाढली.

फळांचा रस हा येथे सर्वांत अवघड मुद्दा आहे, कारण तो आरोग्यदायी म्हणून आवर्जून दिला जातो. एक पेला रसासाठी तीन-चार संत्री लागतात. तेवढी संत्री सलग खाणे बहुतेकांना जड जाते, रस मात्र दोन मिनिटांत संपतो. अख्खे फळ खाल्ले तर साखर तंतूंत अडकलेली असते, ती हळूहळू शोषली जाते आणि एका वेळी जाणारे प्रमाणही आपोआप मर्यादित राहते. ट्रायग्लिसराइड वाढली म्हणून घाबरून फळेच सोडून देणारे लोक असतात. त्याची गरज नाही. रस सोडावा आणि फळ खावे.

चहा-कॉफीतील साखर एकदम बंद करणे ज्यांना जमत नाही त्यांनी दर आठवड्याला प्रत्येक कपामागे अर्धा चमचा कमी करावा. जीभ काही आठवड्यांत कमी गोडीला सरावते आणि नंतर पूर्वीचे पेय नकोसे गोड वाटू लागते. साखरेऐवजी मध किंवा तपकिरी साखर वापरल्याने लिपिडच्या दृष्टीने काहीही साधत नाही, कारण त्यांतही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतात. कॅलरीविरहित गोडकारके गोड पेयांची सवय सोडताना मधल्या काळात मदत करू शकतात, मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन नियंत्रणासाठी त्यांचा दीर्घकाळ आधार घेऊ नये असे सुचवले आहे. शेवटचा मुक्काम साधे पाणी आणि बिनसाखरेची पेये हाच असावा.

चौथी पायरी: पाकिटावरील लेबल वाचणे

फळांचा स्वाद असलेल्या दह्याचा १५० ग्रॅमचा एक कप हातात घेतला आहे असे समजू. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'कमी मेद' असे लिहिलेले आहे. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे साखर १२ ग्रॅम दिली आहे. साध्या दह्यात दुधाचीच म्हणून ४ ते ५ ग्रॅम साखर असते, ती वजा केली की १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर साधारण ७ ते ८ ग्रॅम उरते. कप दीडशे ग्रॅमचा असल्यामुळे एका कपातून ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीन चमचे साखर पोटात जाते. मेद काढून टाकल्यावर चव आणि दाटपणा कमी होतो, आणि तो भरून काढण्यासाठी अनेक पदार्थांत साखर किंवा पिष्ट वाढवलेले असते. म्हणूनच कोलेस्टेरॉलच्या भीतीने 'कमी मेद' पाहून वस्तू निवडणारी व्यक्ती नकळत ट्रायग्लिसराइड वाढवणारी वस्तू घरी आणू शकते.

हीच पद्धत सर्व वस्तूंना लावावी. 'एका सर्व्हिंगमागे' दिलेल्या आकड्यापेक्षा '१०० ग्रॅममागे' दिलेला आकडा पाहावा, कारण सर्व्हिंगचा आकार उत्पादक ठरवतो आणि तो अनेकदा आपण प्रत्यक्षात खातो त्याहून लहान असतो. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिल्या तिनांत साखर असेल तर तो पदार्थ मुख्यतः गोडच समजावा. साखर इतर नावांनीही येते: सुक्रोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप, अगावे सिरप, फळांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट. अशी तीन-चार नावे एकाच यादीत विखुरलेली असतील तर प्रत्येकाचे वजन कमी दिसले तरी त्यांची बेरीज पहिल्या क्रमांकावर जाऊ शकते. नाश्त्याची तयार सिरिअल, ग्रॅनोला बार, सॉस, सॅलडवरील ड्रेसिंग आणि पाकीटबंद ब्रेड या वस्तू विशेष लक्ष देऊन तपासाव्यात.

पाचवी पायरी: साखरेच्या जागी काय खायचे ते ठरवणे

पथ्य बहुधा इथेच फसते. साखर सोडल्यावर लागणारी भूक पांढरा ब्रेड, पॉलिश केलेला तांदूळ किंवा खारी बिस्किटे यांनी भागवली तर इन्सुलिन तेवढेच वाढते आणि यकृतातील मेदनिर्मिती चालूच राहते. लोणी, चीज आणि चरबीयुक्त मांस यांनी भागवली तर ट्रायग्लिसराइड कदाचित उतरतील, पण संतृप्त मेदामुळे एलडीएल वाढेल. दोन्ही बाजू सांभाळायच्या असतील तर साखरेची जागा बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, बिया, कडधान्ये, भाज्या, अख्खी धान्ये, मासे आणि असंतृप्त मेद असलेली वनस्पती तेले यांनी घ्यावी. ओट्स, बार्ली आणि कडधान्यांतील विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात, आणि नवीन पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल उचलते. म्हणून त्यांचा एलडीएललाही थोडा फायदा होतो.

दारू घेणाऱ्यांनी हे स्पष्टपणे समजून घ्यावे की ट्रायग्लिसराइड वाढवण्यात तिचा वाटा साखरेइतकाच मोठा असू शकतो, आणि गोड मिक्सरबरोबर घेतलेल्या पेयात दोन्ही एकत्र येतात. वजन जास्त असेल तर त्यातील ५ ते १० टक्के घट ट्रायग्लिसराइड सुमारे २० टक्क्यांनी खाली आणू शकते. नियमित चालणे किंवा अन्य व्यायामामुळे स्नायू रक्तातील ट्रायग्लिसराइड इंधन म्हणून वापरतात, त्यामुळे साखर कमी करण्याच्या बरोबरीने तोही सुरू करावा.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर आणि पिष्टमय पदार्थ मोठ्या प्रमाणात कमी करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे, कारण औषधाचा डोस तोच राहिला तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

सहावी पायरी: पुन्हा तपासणी आणि तिचा अर्थ

ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच प्रतिसाद देतात, तर एचडीएल सावकाश हलते. म्हणून नवीन सवयी सलग ८ ते १२ आठवडे पाळून मग तपासणी करावी. दोन्ही तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, ९ ते १२ तास उपाशी राहून कराव्यात, आणि आदल्या दोन-तीन दिवसांत मेजवानी किंवा मद्यपान टाळावे. काहीही बदल केला नसतानाही ट्रायग्लिसराइड एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतात. १८० चे १६५ झाले यावरून यशाचा आणि १६५ चे १८० झाले यावरून अपयशाचा निष्कर्ष काढू नये.

आता एक काल्पनिक उदाहरण पाहू. सुरुवातीला एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड २६० आहे. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष न मोजता फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून व्हीएलडीएल, आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल व व्हीएलडीएल वजा करून एलडीएल. येथे व्हीएलडीएल ५२ आणि एलडीएल १२० येते. तीन महिन्यांनी एकूण कोलेस्टेरॉल १९६, एचडीएल ४१ आणि ट्रायग्लिसराइड १६० आले, तर व्हीएलडीएल ३२ आणि एलडीएल १२३ येईल. केवळ एलडीएलची ओळ पाहणाऱ्याला वाटेल की मेहनत वाया गेली, उलट तीन अंक वाढलेच. पण नॉन-एचडीएल १७२ वरून १५५ वर आले आहे आणि ट्रायग्लिसराइड १०० अंकांनी उतरली आहेत. पहिल्या अहवालात जे कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलमध्ये मोजले जात होते त्याचा बराच भाग आता रक्तातच नाही. म्हणून साखर कमी केल्यानंतरच्या अहवालात आधी ट्रायग्लिसराइड, मग नॉन-एचडीएल आणि त्यानंतर एलडीएल पाहावे. ट्रायग्लिसराइड ४०० पेक्षा जास्त असतील तर हे सूत्र लागू पडत नाही. अशा वेळी एलडीएल थेट मोजून घ्यावे.

अपेक्षाही वास्तवाला धरून असाव्यात. लिसा ते मोरेंगा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक नियंत्रित प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा जास्त साखरेच्या आहारात ट्रायग्लिसराइड सरासरी सुमारे १० आणि एलडीएल सुमारे ५ मिलिग्रॅमने अधिक आढळले. सरासरी परिणाम मध्यम आहे. परंतु ज्यांची ट्रायग्लिसराइड आधीच वाढलेली आहेत, पोट सुटलेले आहे आणि जे रोज गोड पेये घेतात, त्यांना सरासरीहून मोठा फरक दिसण्याची शक्यता असते.

सवयी मनापासून पाळूनही ट्रायग्लिसराइड हलत नसतील तर साखर आणखी कमी करत बसण्याऐवजी दुसरी कारणे शोधावीत. थायरॉइडचे कार्य मंदावणे, ताब्यात नसलेला मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आणि स्टेरॉइड, इस्ट्रोजेन, काही बीटा ब्लॉकर, मुरमांवरील आयसोट्रेटिनॉइन किंवा काही मानसोपचार औषधे यांमुळेही ट्रायग्लिसराइड वाढतात. ही यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे, मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असतील तर तीन महिने वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटावे. हा आकडा १००० च्या वर गेल्यावर स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याचा धोका बराच वाढतो, आणि अशा वेळी साखर व दारू यांच्याबरोबर आहारातील एकूण मेदही तात्पुरता कडकपणे कमी करावा लागतो. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र वेदना आणि उलट्या होत असतील तर पुढच्या भेटीची तारीख न पाहता थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.